रेगेच्या गाण्यात आमचा पखवाज

मी मूळचा वाघोलीचाच. ही बारा मजली इमारत हाय ना, इथं आमची ज्वारी असायची. जमिनीबदली खालचा फ्लॅट मिळाला. गावच्या भजनात मी चाळीस वर्षं पखवाज वाजवला. शिकवलं वडलांनी, पण कान म्हणाल तर हिराचा, म्हंजे आमच्या मंडळीचा. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावावी लागती, तवा तो घुमतो. कणीक हिरा मळायची. मी लावायचो, एक थाप मारायचो आन् थांबायचो. मग सैपाकघरातनं आवाज यायचा, अहो, आजून लावा. न्हाईतर, झालं, वाजवा आता. तिनं झालं म्हणल्याबिगर मी कधी पुढं गेलो न्हाई. काय सांगू तुम्हाला, बाई कधी चुकली न्हाई.

तीन वर्षं झाली तिला जाऊन. पखवाज कपाटावर गेला. भजनवाले बोलवायला आले, मी म्हणलं हात दुखतो. हात कुठला दुखतोय. मुलगा हिंजवडीला असतो, चांगला हाय, रविवारी फोन करतो, जेवलात का विचारतो, हो म्हणलं की संपलं बोलणं. लिफ्टमधी समद्यांच्या कानात वायरी, राम राम तरी कुणाला घालावा.

त्यात वरच्या मजल्यावर मृण्मयी राह्यला आली, गाणारी पोर. तिच्याकडं जमैकाचा एक गडी आलता, डेल्रॉय नावाचा. दोघं मिळून अल्बम करत व्हती, त्याच्या देशाचं रेगे संगीत आन् हिचं पॉप, एकाच गाण्यात. मी म्हणलं कढीत शेवया. तिचं पार्सल माझ्याकडं ठेवलेलं, ते न्यायला आली, पखवाज बघितला आन् पाठच धरली, आबा, तुम्ही वाजवाच. दोनदा न्हाई म्हणलं. तिसऱ्यांदा कणीक मळून घेऊन आली, मोबाइलवर बघून मळलेली, पार पातळ, कोपरापर्यंत पीठ लागलेलं. मग मला न्हाई म्हणवंना.

तिच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या व्हत्या, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. मशीन चालू झालं. मी कणीक लावली, एक थाप मारली आन् थांबलो. सवय हो, दुसरं काय. कान देऊन बसलो, कुणी बोलंना. मग ध्यानात आलं. लई एकटं वाटलं त्या वेळी, दोन माणसं समोर असून. कसाबसा ठेका धरला.

झाल्यावर मी म्हणलं, सुरुवात चुकली, काढून टाका. डेल्रॉय दोन्ही हात हलवून नको नको म्हणायला लागला. मृण्मयीनं सांगितलं, आबा, त्यांच्यात ठोका मुद्दाम मोकळा सोडतात, पण एवढी मोठी जागा सोडायचं त्याला धाडस झालं नसतं म्हणतोय. धाडस कसलं, मी वाट बघत व्हतो. तोंडानं मात्र ठेवा म्हणलं.

अल्बम निघाला. तो त्याच्या देशी गेला, ती मुंबईला, जाताना गाणं माझ्या मोबाइलमधी घालून दिलं. मुलाला ऐकवलं. तो म्हणला, छान हाय आबा, पण सुरुवातीला अडकतंय का काय.

देव त्या पोरांचं भलं करो. आता रोज सकाळी मी मोबाइल बाहेरच्या खोलीत पखवाजापाशी ठेवतो, गाणं लावतो आन् सैपाकघरात ओट्यापाशी, तिच्या जागेवर जाऊन उभा राहतो. बाहेर माझी थाप पडती. मग सगळं गप. मी म्हणतो, झालं, वाजवा आता. आन् बाहेर मी वाजवायला लागतो.