त्रेचाळीस नंबरचं मूल

मंडळी, आज प्रश्न एकच — ज्याला कळतं, त्याला दिसतंच का? माना डोलवू नका, आधी ऐका!

एक होती शर्वाणी. विद्यापीठात पीएच.डी. करणारी. विषय — लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी! मूल हाकेला वळतं का, बोटानं दाखवतं का — घरोघर जाऊन तपासायची. आयांना बजावायची, "ताई, थांबू नका. लवकर कळलं तर मदत लवकर." केवढं ज्ञान!

आता संशोधनाची एक रीत असते. अडखळणारी मुलं घ्यायची, तशी तुलनेला ठणठणीतही घ्यायची. त्यात एक कमी पडलं. शर्वाणीबाई म्हणाल्या, "माझी लेक जुई आहे की! अडीच वर्षांची." आणि ठणठणीतांच्या यादीत नाव टाकून मोकळ्या! वा! परीक्षेआधीच निकाल!

पण दुसरीही रीत असते — तपासणाऱ्याला मूल कुणाचं, कुठल्या गटातलं, सांगायचं नाही. फॉर्मवर नुसता नंबर. तपासायला नसरीन, नवीनच लागलेली. जुईला आजोबांनी आणलं. नसरीननं मागून हाक मारली. एकदा. दोनदा. पाचदा! जुई आपली डब्याचं झाकण फिरवतेय.

संध्याकाळी नसरीन म्हणाली, "मॅडम, त्रेचाळीस नंबर ठणठणीतांत असेल, तर चुकून पडलाय. त्या मुलीला मदत लागेल."

शर्वाणीनं यादी उघडली. त्रेचाळीस — जुई!

मग काय, ज्ञान धावून आलं! "दमली असेल गं. जागा नवी. तिचा बाबाही उशिराच बोलला." अहो, हीच वाक्यं इतर आया बोलल्या, तेव्हा बाईंनी 'पालकांचा नकार' म्हणून टिपून घेतली होती! प्रबंधात अख्खं प्रकरण आहे त्यावर!

आणि मार्गदर्शक सर? देवमाणूस! म्हणाले, "एवढी एक नोंद वगळा. आकडे सरळ होतील."

आकडे होतील हो, सर — पोरीचं काय?

घरी आली. जुई पाठमोरी बसलेली. परक्यांच्या शंभर लेकरांना हाका मारणारी ही बाई — तिला स्वतःच्या लेकीला हाक मारायचा धीर होईना! शेवटी मारली.

जुई वळली नाही.

सकाळी नसरीनच्या टेबलासमोर उभी. "नोंद वगळायची नाही. आणि आम्हाला पुढच्या तपासणीची पहिली मिळेल ती तारीख दे."

"आम्हाला म्हणजे, मॅडम?"

"मॅडम नको म्हणूस. त्रेचाळीस नंबरची आई आहे मी."

हसलात ना शर्वाणीला? हसा! पण खांबाजवळच्या काकू, मघाशी कोण सांगत होतं — "नातू इतका गुणी, मोबाइल दिला की हाक मारली तरी हलत नाही"? आज घरी गेलात की तो मोबाइल काढून घ्या, मागे उभ्या राहा आणि नावानं हाक मारा. वळला तर पेढे वाटा. नाहीच वळला, तर माझ्याकडे येऊ नका — मी नामजप सांगेन! डॉक्टरकडे जा!