दम लागला की एक खडक

दोमितिला : पुन्हा का थांबलास?

फाउस्तीनो : थांबलो कुठे? हा खडक दाखवायचा होता तुला. नीट बघ, पाद्री दिसतो की नाही? खराच पाद्री होता. गावच्या कोंबड्या झग्याखाली लपवून या घळीतून पळाला आणि उन्हात भाजून असा लाल दगड झाला. भर दुपारी कान लावला तर आतून अजून कोंबड्यांची कलकल ऐकू येते.

दोमितिला : मागच्या वळणावर जमीन मोजणारा साहेब दगड झाला होता. त्याआधी तुझी आत्या. तुला दम लागला की या घळीत कुणीतरी दगड होतंच.

फाउस्तीनो : दम? मला? ओझी वाहणारा अख्खा लामा खांद्यावर टाकून मी इथून धावत गेलोय. लामा दमला, मी नाही.

दोमितिला : ते नोएमीला सांग. पुलापाशी गाडी घेऊन उभी आहे तुझी लेक. काय ठरलंय? बाबांनी आपली पिशवी आपल्या खांद्यावर घेऊन घळ पार केली, तर खुशाल गावात राहा. नाहीतर तिच्याकडे साल्ता शहरात, चौथ्या मजल्यावर.

फाउस्तीनो : तिथे शेळ्या चालत नाहीत म्हणाली. मी म्हटलं, एकच, लहानशी? तर फोनच ठेवला तिनं.

दोमितिला : मग पाय उचल, म्हाताऱ्या.

फाउस्तीनो : मी चालतोच आहे. तूच मागे पडतेस. सकाळपासून बघतोय, पाठीवर गाठोडं घेऊन कासवासारखी. वय झालं तुझं, म्हातारे.

दोमितिला : झालं असेल.

फाउस्तीनो : माझं बघ. पाणी, मक्याची आंबवलेली चिचा, चीज, पांघरायचा पोंचो, वर धरणीमायला, पाचामामाला वाहायला घरून आणलेला दगड. एवढं ओझं, पण पाठीला पत्ता नाही. गुडघे विशीतले आहेत. डॉक्टरला काय कळतंय?

दोमितिला : काही कळत नाही त्याला.

फाउस्तीनो : ही आलीच वाटेवरची शेवटची दगडांची रास. इथे दगड ठेवला की धरणीमाय सगळा शीण घेते. चिचेचा पहिला घोट तिला, मग आपल्याला. (पिशवी उघडतो.) दोमितिला.

दोमितिला : काय?

फाउस्तीनो : पिशवीत उशी आहे.

दोमितिला : आपलीच आहे.

फाउस्तीनो : आणि बाकीचं सगळं?

दोमितिला : माझ्या गाठोड्यात. पहाटे तू शेळ्यांचा निरोप घेत बसला होतास ना, तेव्हा भरलं.

फाउस्तीनो : आणि मी तुला कासव म्हणालो.

दोमितिला : दोनदा. एकदा मनात म्हणालास, तेही ऐकू आलं.

फाउस्तीनो : म्हणजे मी हरलो. नोएमीला सांगायला हवं.

दोमितिला : काय सांगणार? पिशवी खांद्यावर हवी, एवढंच ठरलं होतं. आत काय आहे, ते तिनं विचारलं नाही. आणि चौथ्या मजल्यावर मला तरी कुठे जायचंय?

फाउस्तीनो : आण ते गाठोडं इकडे. अगं बाई, यात तो पाद्री भरलायस का, कोंबड्यांसकट?

दोमितिला : ठेव खाली. गुडघे जातील.

फाउस्तीनो : माझे आहेत, जाऊ देत. पाणी आणि पोंचो मी घेतो. दगड इथे राहील. हा घोट पाचामामाला. हा तुला. तो बघ पूल, लेक हात करतेय. ऊठ.

दोमितिला : म्हाताऱ्या, तो पलीकडचा खडक कोण होता रे?

फाउस्तीनो : तो? तो नुसताच खडक आहे.

दोमितिला : असं कसं? नीट आठव. जरा लांबलचक गोष्ट असेल त्याची.