देवाच्या गाडीचं छप्पर

…आणि वर तो मला विचारतो, "माल कसला आहे?" माल! तुम्हाला सांगतो, शहात्तर वर्षांचं आयुष्य, त्यातली तीस वर्षं देवळाचं अंगण झाडण्यात गेलेली, आणि एका रविवारी सकाळी, खतांची पोती आणि कुत्र्यांचे पट्टे यांच्या मधोमध उभं राहून मला एका परक्या विक्रेत्यासमोर उच्चार करावा लागला, की बाबा रे, माल म्हणजे देव आहे. भला माणूस हो! चेहऱ्यावरची रेष हलली नाही त्याच्या. लेखणी काढली, कागदावर लिहिलं, "देव, एक नग," आणि मान वर करून नम्रपणे विचारतो, "उंची किती?"

उंची! हा शब्द लक्षात ठेवा. पुढचा सगळा अनर्थ त्या एका शब्दात दडून बसला होता, आणि माझं मागणं तरी केवढं? एवढंच, की वरून पाणी येऊ नये!

थांबा, क्रमानं सांगतो. आमचं गाव डोंगराच्या बेचक्यात. घरं अकरा, माणसं सतरा, आणि धड गुडघे मोजायचे तर ते माणसांहून कमी. पूर्वी शरदाच्या उत्सवात देवाची पालखी वीस जण खांद्यावर घेत. आता खांदे आहेत, पण ते आपापल्या मलमपट्टीखाली. म्हणून गेली सहा वर्षं देव माझ्या छोट्या पिकअपच्या हौद्यात बसून गावातून फिरतो. पिवळ्या नंबरपाटीची गाडी, वर्षभर कोबी, मुळा आणि शेणखत वाहते. उत्सवाच्या आदल्या दिवशी मी तिला तीनदा धुतो, मीठ शिंपडतो, तांदळाची दारू शिंपडतो, आणि हात जोडून म्हणतो, देवा, वासाकडे लक्ष देऊ नकोस, भावाकडे दे.

देवानं कधी तक्रार केली नाही. तक्रार केली ती पुजाऱ्यांनी. इवाशिता गुरुजींकडे नऊ गावांची नऊ देवळं, बिचारे उत्सवाच्या दिवसांत घड्याळाकडे पाहत मंत्र म्हणतात. गेल्या वर्षी पाऊस आला, आणि आमच्या कुमेझोनं पालखी प्लास्टिकमध्ये गुंडाळली, उरलेला भात गुंडाळतात तशी. पाणी आत गेलं नाही, हे खरं. पण वाफ बाहेर आली नाही. आतून घाम! दोनशे वर्षांच्या लाखेला फोड आले. गुरुजींनी त्या फोडांवरून बोट फिरवलं आणि शांतपणे म्हणाले, "गेन्पेईसान, पुढच्या वर्षी नीट छप्पर झालं नाही, तर देव खाली उतरणार नाही. पूजा वरच करू, मंदिरात."

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय बिघडलं? सांगतो. गावाच्या शेवटच्या घरात हात्सुए आजी राहते. वय त्र्याण्णव. एकशे अठरा पायऱ्या तिच्यानं चढवत नाहीत. देव वर्षातून एकदा तिच्या दाराशी येतो, ती उंबऱ्यावर बसून त्याला भेटते, दोघांचं काय बोलणं होतं ते दोघांना ठाऊक. मी म्हटलं, "आजी, मागच्या रस्त्यानं मी तुला गाडीतून वर नेतो." तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून चड्डीत लघवी करणारा आहे. म्हणाली, "गेन-चान, वर्षातून एकदा तो माझ्याकडे येतो. मीच जायला लागले, तर त्याची यायची सवय मोडेल. आणि देवाची सवय मोडली, की पुन्हा लागत नाही रे."

छप्पर हवं म्हणजे हवंच. आणि मागणं एवढंच, की वरून पाणी येऊ नये!

तुम्हाला वाटेल, दुकानात जायचं, आच्छादन घ्यायचं, घरी यायचं. मलाही तसंच वाटलं होतं. अहो, निवडीचं जंगल आहे तिथं! पहिलीच निळी ताडपत्री. स्वस्त, मजबूत. मी हात लावला, तोच माझी बायको तोमिए मागून म्हणाली, "भूकंपानंतर छपरांवर घालतात ती? देव काय बेघर झालाय?" ठेवली. मग रबराचे हूक असलेलं सपाट कापड, हौद्यावर ताणून बसवायचं. विक्रेता म्हणाला, "वाऱ्यात पानसुद्धा उडत नाही." मी म्हटलं, पान नाही उडणार, पण देवाला आडवा निजवू काय? मग पत्र्याचं कुलूपवालं झाकण. तोमिए म्हणाली, "घालून ठेवा. नवीन वर्षापर्यंत देव छान मुरेल."

शेवटी कमानींचं छप्पर. पाइपच्या चार कमानी, त्यावर जाड कापड, मागे पडदा, खासा छोटेखानी मंडप! माझं मन तिथंच बसलं. पण रंग? काळा होता. काळ्या गाडीतून माणूस एकदाच जातो, आणि परत येत नाही. पांढरा होता, तोमिए म्हणाली, "आमच्याकडे पावाची गाडी अशीच येते. पोरं पैसे घेऊन धावतील." पोरं कुठं आहेत आमच्याकडे, ती गोष्ट वेगळी! चंदेरी होता, त्याखाली देव बाहेरून थंड मासळी वाटला असता. उरला हिरवा. मी म्हटलं, देव डोंगरातला, डोंगर हिरवा, कापड हिरवं, संपला वाद. आणि तेव्हा तो भला माणूस म्हणाला, "उंची किती?"

मी खिशातून चिठ्ठी काढली. कारण मी काही बेसावध माणूस नव्हे हो! भर उन्हाळ्यात पालखीघराचं दार उघडून, आंघोळ करून, नवी फीत घेऊन मी पालखी मोजली होती. पायापासून कळसापर्यंत. दोनदा. छपराखाली चार बोटं मोकळी राहत होती. चार बोटं! मी तृप्त झालो. घरी येताना गाडीत गाणं म्हटलं. तोमिए म्हणाली, "उत्सव होऊ द्या आधी." तिच्या जिभेवर कधी कधी कोण बसतं, कोण जाणे.

उत्सवाचा दिवस उजाडला. आभाळ कुंद, भुरभुर चालू. माझ्या छातीत मात्र लख्ख ऊन! हिरव्या मंडपाखाली पालखी विराजमान, थेंब टपटप कापडावर, आत कोरडं ठणठणीत. कुमेझो, जन्मभर टपालाची गाडी चालवलेला, आयुष्यात कुणाला बरं म्हणालेला नाही, तोही गाडीला प्रदक्षिणा घालून म्हणाला, "हं. गळत नाही." गुरुजींनी पडद्याआड देवाला पालखीत बसवलं. आता उरला एकच विधी, माझा.

आमच्या गावची रीत अशी, की देव आत बसला की मगच पालखीच्या शिखरावर सोनेरी पक्षी बसवायचा. तो एरवी वेगळ्या पेटीत, रेशमात, वर्षभर निजलेला. उत्सवाच्या सकाळीच जागा होतो, आणि तो बसवायचा प्रमुख सेवेकऱ्यानं, ओठांत कोरा कागद धरून, कारण आपला श्वास त्याला लागता कामा नये. मी गुडघ्यांवर हौद्यात शिरलो. ओठांत कागद. दोन्ही हातांत पक्षी. वर उचलला… आणखी उचलला… आणि पक्ष्याचं डोकं कापडाला टेकलं.

तुमच्या लक्षात आलं? माझ्याही तेव्हाच आलं! उन्हाळ्यात मी पालखी मोजली, पण पक्षी पेटीत होता! पेटी उघडायची नाही, ही रीत. आणि रीत मी पाळली, डोळ्यांत तेल घालून पाळली! चार बोटं मोकळी, आणि पक्षी चांगला वीतभर उंच!

ओरडावं तर तोंडात कागद. मी म्हटलं, "म्म्म!" गुरुजींना वाटलं, गेन्पेईला भरून आलं. ते वाकले. ते वाकले म्हणून सगळे वाकले. मी आणखी जोरात, "म्म्म्म!" सगळे आणखी खाली! कुमेझोनं देवापुढे वाजवतात तशा दोनदा टाळ्या वाजवून डोळे मिटले. माझ्या समोर सारं गाव भक्तीनं वाकलेलं, आणि मी आत पक्षी धरून, घामानं निथळत, मुक्या बैलासारखा हंबरतोय! एकावन्न वर्षांचा संसार कशाला म्हणतात, ते त्या दिवशी कळलं. तोमिएनं एकटीनं मान वर केली, माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाली, "उंची चुकली ना?"

मी मान डोलावली. कागद थरथरला.

मग सुरू झाली सभा, भर पावसात. छप्पर काढावं तर देव भिजतो. ठेवावं तर पक्षी मावत नाही. पक्षी न बसवता न्यावं, तर आमच्याकडे तशी पालखी म्हणजे नुसता लाकडाचा पेटारा. कुमेझो म्हणाला, "मी टपावर चढतो, वरून कापड फाडतो." गुरुजी दचकले, "वरून? देव आत बसलाय! देवाच्या डोक्यावर पाय?" तेही खरं. आमच्याकडे पालखी चालली असताना माडीवरून डोकावणंसुद्धा पाप. गुरुजींनी घड्याळ पाहिलं, आभाळ पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "दुपारी मला दुसरं गाव आहे. गेन्पेईसान… या वर्षी देव वरच राहू द्या."

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे गुरुजी नव्हते, गाडी नव्हती. उंबऱ्यावर बसलेली, पहाटेपासून नवा किमोनो नेसलेली हात्सुए आजी होती. देवा, इतकी वर्षं तुझं अंगण झाडलं, तुझ्याकडे काय मागितलं? एवढंच ना, की वरून पाणी येऊ नये? आणि तू माझ्या हातून उंचीत चूक करवलीस?

इतक्यात काहीतरी हललं. तोमिए! सत्तरीच्या पुढची बाई, चपला काढून, माझ्या अंगावरून सरपटत आत, पालखीच्या कडेला, डोकं पालखीच्या पातळीखाली ठेवून! कमरेला तिची झाडांच्या छाटणीची कात्री, ती तिच्या अंगावर दागिन्यासारखी असतेच. मी "म्म्म? म्म्म!" म्हणतोय, कोरं करकरीत कापड हो, अजून कारखान्याचा वास न गेलेलं, आणि ही म्हणते, "गप्प बसा, कागद पडेल." आणि खालून, करकर करकर, पक्ष्याएवढं गोल भोक!

पक्षी त्यातून वर गेला, शिखरावर बसला, आणि हिरव्या छपरावर डुलू लागला, जणू जन्मापासून तिथंच राहत होता. पण पाऊस? सोन्याचा वर्ख, तो भिजला तर? कुमेझो तडक गेला आणि बसथांब्याच्या शेडमध्ये कोणीतरी विसरलेली पारदर्शक प्लास्टिकची छत्री घेऊन आला. ती मिटूनच खालून त्या भोकातून वर सारली, वर उघडली, दांडा कमानीला सुतळीनं बांधला. झालं! एवढी निवड, एवढं हिंडणं-फिरणं, आणि देवाच्या माथ्यावर शेवटी काय, तर कोणाची तरी विसरलेली छत्री! मी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी छत्रीकडे पाहिलं. म्हणाले, "कोरडं आहे. चला."

मी गाडी चालण्याच्या वेगानं चालवली. अकरा घरं. शेवटचं घर आलं. हात्सुए आजी उंबऱ्यावर. तिनं मान वर केली, छप्पर पाहिलं, पक्षी पाहिला, छत्री पाहिली… मला वाटलं, संपलं, आता ही म्हातारी माझ्या बापाच्या नावानं मला रागावणार. तर ती हसली हो! दात नसलेलं, पूर्ण हसू. पालखीला म्हणाली, "अगं बाई! तुम्हालाही आता छत्री लागते का? या, या, वळचणीखाली या. आपलं दोघांचंही वय झालं."

गुरुजी दुसरीकडे तोंड करून नाक शिंकरत उभे होते. मग तिच्याजवळ बसले, नऊ गावांचे गुरुजी, घड्याळ न पाहता बसले, आणि म्हणाले, "आजी, पुढच्या वर्षीही येतील ते." आजी म्हणाली, "येतील हो. मी असेन की नाही, ते त्यांनी विचारून यावं." मी स्टिअरिंगच्या चाकावर डोकं टेकवलं. तुम्हाला सांगतो, इतका मोकळा श्वास मी माझ्या लग्नातही घेतला नव्हता.

संध्याकाळी पालखी उतरवली. लाख कोरडी, रेशीम कोरडं, पक्षी कोरडा. एक थेंब नाही!

आता तुम्ही म्हणाल, मग कुरकुर कशाची? अहो, ते भोक! शिवायला घेतलं, तर तोमिए म्हणते, "खबरदार! पुढच्या वर्षी पुन्हा कापायचं काय?" म्हणून ते तसंच आहे. मी शेणखत घेऊन निघतो, आणि वाटेत शेजारगावच्या म्हाताऱ्या ते हिरवं छप्पर ओळखून थांबतात, टाळ्या वाजवतात, नमस्कार करतात. मी आत खत घेऊन बसलोय, ते खत वर वास देतंय, आणि मला काच खाली करून उलट नमस्कार करावा लागतो. करतो.

आणि कालचा पाऊस! मागणं एवढंच होतं, की वरून पाणी येऊ नये. आलं. बरोबर मधोमध, धार लावून आलं, सगळं खत पातळ. मी घरी येऊन तोमिएला म्हटलं, "देवाच्या जागेतून आलेलं आहे, आपण त्याला तीर्थ समजू." ती भात वाढत होती. मान न उचलता म्हणाली, "समजा. आणि जेवण झालं की ते तीर्थ हौद्यातून उपसून काढा."