फक्त उरलेली जागा

डोळ्यांच्या दवाखान्यात औषध घालून डोळे मिटून गप्प बसा म्हटलं, तरी शेजारच्या खुर्चीतल्या साहेबांचं तोंड काही मिटेना, आणि तशाच डोळे मिटून बसलेल्या माईंना तर ते मुळीच खपेना. मांडीवर लॅपटॉप घेतलेली साहेबांच्या हाताखालची पोरगी रडवेली झाली होती.

"प्रोग्राममधली पुसायची ओळ काढलीसच का?"

"सर, सिस्टिमच्या गाभ्यात मेमरीतली जागा आधी शून्यांनी पुसायची, मग लगेच तिथंच डिस्कवरचा मजकूर भरायचा. सेकंदाला लाख वेळा हे दुहेरी काम! मजकूर आला की जुनं झाकलं जातंच ना?"

"आणि अर्धाच आला तर?"

"अर्धा कसा येईल?"

"डिस्क अडखळली की येतो. उरलेल्या जागेत आधीच्या माणसाचं सगळं तसंच. माझ्या हातून एका बाईचं खासगी पत्र असंच परक्याच्या पडद्यावर गेलंय. तेव्हापासून मी पुसतोच. तुझं काम रद्द."

"सहा महिने राबलेय, सर."

"मग?"

"चुकलंच माझं. पण… मजकूर जिथं संपला, तिथून पुढची फक्त उरलेली जागा पुसली तर?"

साहेबांनी मिटल्या डोळ्यांनीच बोटांवर काहीतरी मोजलं.

"बरोबर आहे ना, सर?"

"बघू."

"बघू काय, बघू?" माई कडाडल्या. "अहो साहेब, ते पत्र गेलं त्या दिवशी हा उपाय कुणी सांगितला असता, तर पाय धरले असते तुम्ही त्याचे. आज पोरगी सांगतेय, तर नुसतं 'बरोबर' म्हणायला जीभ जड झाली होय?"