दहा मिनिटांचा थांबा

सून : संडासाची कडी लावू नका म्हटलं होतं ना मी? नुसतं दार लोटा, मी बाहेर उभी आहे.

सासू : तू बाहेर नव्हतीस. पाण्याची बाटली आणायला गेली होतीस. आणि दार उघडं ठेवून मला जमत नाही.

सून : मग अडकली कडी.

सासू : गंजलेली होती. जाताना गेली आत, यायचं नाव घेईना.

हॉटेलवाला : चूक माझीच आहे, आजी. ती कडी बदलायची बदलायची म्हणून राहून गेली. काय आहे ना, एक गाडी गेली की दुसरी येते, रिकामं म्हणून मिळतच नाही. आता तर बिजागरीच काढली, त्यामुळे दारच नाही. हा घ्या चहा. बिनसाखरेचा आहे.

सून : पण बस गेलीच कशी? मी कंडक्टरला सांगून उतरले. म्हटलं, सासूबाई दिसत नाहीत, मी बघून येते, गाडी काढू नका. त्याने मान हलवली.

हॉटेलवाला : फोनवर बोलत होता का तो?

सून : हो.

हॉटेलवाला : मग मान फोनमधल्याला हलवली. आणि कसं असतं ताई, निघताना हे लोक नावं विचारत नाहीत, डोकी मोजतात. तुम्ही दोघी उतरलात, आणि इथून एक नवरा-बायको चढले. माझ्याकडेच नाश्ता केला त्यांनी. रिकाम्या दिसल्या त्या जागा धरल्या असणार. डोकी भरली, गाडी निघाली.

सासू : म्हणजे आपल्या बॅगांशेजारी दुसरंच जोडपं बसून चाललंय.

सून : तुम्हाला हसू येतंय? बॅगेत तुमच्या प्रेशरच्या गोळ्या आहेत.

सासू : सकाळची घेतली आहे. रात्रीपर्यंत काही होत नाही मला.

हॉटेलवाला : बॅगांची काळजी करू नका. मी शेवटच्या स्टँडवर फोन केलाय, साहेब ओळखीचे आहेत. गाडी लागली की बॅगा उतरवून आपल्या खोलीत ठेवतील. रंग सांगा फक्त.

सून : एक निळी. आणि एक मोठी, तपकिरी, पट्ट्याने बांधलेली.

हॉटेलवाला : मोठी म्हणजे कितपत?

सासू : बरीच. माझं सगळं आहे तिच्यात.

हॉटेलवाला : सांगतो. बसा तुम्ही, पंख्याखाली बसा. तुमच्या बाजूची गाडी यायला वेळ आहे अजून.

सून : पाणी प्या ना, आई. सकाळपासून घोटभर पाणी गेलं नाही पोटात.

सासू : अजून निम्मा रस्ता आहे. आता पाणी पिऊ आणि मग गाडीत तोंड वाकडं करून बसू?

सून : चक्कर आली म्हणजे?

सासू : बसच्या प्रवासात बायका पाणी पीत नाहीत. तुझी आईही पीत नसेल, विचार तिला. दे, एक घोट दे. तू काही ऐकायची नाहीस.

सून : किती वेळ होतात आत?

सासू : तिथे घड्याळ नव्हतं. पहिल्यांदा वाटलं, येईल कोणीतरी. मग इंजिनाचा आवाज वाढला, तेव्हा ओरडले.

सून : मला नाही आलं ऐकू. मी बसमध्ये जाऊन जागेवर बघितलं, मग पुस्तकांच्या दुकानात बघितलं. काय म्हणून ओरडलात?

सासू : तुझं नाव घेतलं. ‘कोणी आहे का, कोणी आहे का’ असं काय ओरडायचं परक्या ठिकाणी.

सून : भाऊजींना फोन करते. ते स्टँडवर येऊन उभे राहतील आणि बसमधून नुसत्या बॅगा उतरतील.

सासू : कर. स्पीकरवर नको टाकूस, धाकटा घाबरला की मोठ्याने बोलतो.

सून : हॅलो, भाऊजी? नाही, पोचलो नाही अजून. ऐका आधी. आई बऱ्या आहेत. बस आम्हाला सोडून गेली... नाही, अपघात नाही हो. थांब्यावर उतरलो होतो, बस गेली निघून... हो. हो, चहा घेतायत... अहो, कशाला एवढ्या लांब? थांबा, विचारते. आई, ते म्हणतायत तिथेच बसा, मी गाडी घेऊन न्यायला येतो.

सासू : नको म्हणावं. आम्ही बसनेच येतो.

सून : भाऊजी, त्या बसनेच यायचं म्हणतायत... मी सांगून बघितलं. तुम्हाला माहीत आहे ना त्यांचं. बरं. निघालो की कळवते. ठेवते.

सासू : काय म्हणाला?

सून : खोली तयार आहे म्हणाले. मुलीचं टेबल बाहेर काढलंय, तुमच्यासाठी उशापाशी दिवा लावून घेतलाय. गाडीने आरामात गेला असतात. ह्या धक्क्यांचं काय कौतुक आहे तुम्हाला?

सासू : धक्क्यांचं नाही. गाडीत तो पुढे बसून बोलत राहिला असता. तू मागे बसली असतीस गप्प. घर आलं असतं.

सून : मग आता कुठे बोलतोय आपण?

सासू : बोल की. वेळ आहे म्हणतोय हा माणूस.

सून : काय बोलू?

सासू : मला धाकट्याकडे न्यायचं कधी ठरलं?

सून : तुम्ही बाथरूममध्ये पडलात त्या दिवशी. मी कारखान्यातून आले तेव्हा तुम्ही फरशीवर होतात, आई. सकाळपासून. तुमचे ओठ निळे पडले होते. तुम्ही काय म्हणालात आठवतंय? ‘दूध वर आलं असेल, गॅस बघ.’

सासू : गॅस लावलाच नव्हता मी.

सून : तेच. आणि आता कारखान्याने पाळ्या फिरत्या केल्या. शेजारच्या काकू होत्या तोवर निभावलं, त्याही मुलाकडे गेल्या. मी पॅकिंगच्या पट्ट्यासमोर उभी असते आणि डोळ्यांसमोर ती फरशी असते. गोळ्यांच्या पाकिटात गोळी कमी गेली की पट्टा थांबवतात. माझ्यामुळे कितीदा थांबला.

सासू : हे कधी बोलली नाहीस.

सून : तुम्हाला सांगून काय करणार होतात तुम्ही?

सासू : काही नाही. पण तुम्ही दोघांनी फोनवर ठरवलंत, आणि मला कपाट आवरताना कळलं. तू माझी जाड शाल घडी करत होतीस. उन्हाळ्यात.

सून : विचारणार होते.

सासू : का नाही विचारलंस?

सून : तुम्ही ‘नाही’ म्हणाला असतात तर मला नेता आलं नसतं. हे होते तेव्हा एक होतं, तुम्ही त्यांची आई. ते गेल्यावर मी कोण, सांगा? सून म्हणायची, पण कुणाची? लोक म्हणायचे, नवरा गेला तरी म्हातारीला सांभाळते. आता म्हणतील, टाकून आली.

सासू : लोकांचं राहू दे. तुला काय वाटतं?

सून : मला वाटतं, टाकून येतेय.

हॉटेलवाला : ताई, उठा, गाडी आली एक. पण ही उलट्या बाजूची आहे, तुम्ही आलात तिकडे जाणारी. चांगली रिकामी आहे. म्हटलं, सांगावं. एवढा मनस्ताप झाल्यावर बरेच जण घरी परत जातात.

सून : आपल्या गावाची?

हॉटेलवाला : थेट. संध्याकाळी घरी असाल. बॅगा उद्याच्या गाडीने मागवून देतो.

सून : आई.

सासू : काय?

सून : चला. चढू या. भाऊजींना मी सांगते काहीतरी.

सासू : आणि सोमवारी काय करशील?

सून : बघू.

सासू : कोण बघणार?

सून : बघीन मी काहीतरी. बाई ठेवू कोणी. पाळी बदलून मागते पुन्हा.

सासू : मागितली होतीस ना? दिली का?

सून : नाही.

हॉटेलवाला : आजी, ड्रायव्हर हॉर्न देतोय. थांबवू का जरा?

सासू : नका थांबवू. त्याच्या प्रवाशांना उशीर होईल.

सून : आई, नीट विचार करा.

सासू : केला. आत, त्या दाराआड केला. दुसरं काय करणार होते? हे बघ, मला विचारलं असतंस तर मी ‘हो’च म्हणाले असते. त्या फरशीवर मलाही पुन्हा पडायचं नाही. फक्त माझ्या तोंडून यायला हवं होतं. आता आलंय. जाऊ दे ती गाडी.

(परतीची बस निघून जाते.)

सून : तिथे नाही करमलं तर?

सासू : करमणार नाहीच सुरुवातीला. तुझ्याकडे तरी कुठे करमत होतं? तू आमटीत चिंच नाही घालत, लिंबू पिळतेस. एवढी वर्षं खाल्ली.

सून : सांगायचं होतंत.

सासू : तूही पट्टा थांबतो ते सांगायचं होतंस.

सून : महिन्याभराने फोन करून विचारीन मी. खरं सांगायचं, मुलगा जवळ आहे म्हणून गोडगोड नाही.

सासू : फोनवर नको. फोनवर मी बरीच असते. येऊन विचार.

सून : ह्याच बसने?

सासू : ह्याच. इथे उतरू नकोस मात्र. निदान तो दार बसवेपर्यंत.

हॉटेलवाला : ऐकलं हो, आजी. आजच बसवतो. ती बघा, तुमची आली. मी कंडक्टरला सांगून ठेवलंय, ह्या दोघी आहेत, नीट ध्यानात ठेव. सावकाश चढा, पायरी उंच आहे.

सून : हात द्या. असा नाही, दंडाला धरा. हं. मागे दोन जागा आहेत बघा, इंजिनाची कटकट नाही तिथे.

सासू : तू हो पुढे. आत सरक, खिडकीशी बस.

सून : मला कशाला? तुम्ही बसा, वारा लागेल.

सासू : मी तिकडेच राहणार आहे. उद्या तुला एकटीला परतायचंय, रस्ता बघून ठेव.