साडूचा बॅलन्स्ड हेडफोन

...नाही, मला सांगा, हेडफोन आणायला गेलेला माणूस हेडफोन घेऊन घरी येतो की नाही? साधी गोष्ट आहे! आमचा साडू गेला आणि हेडफोन, अँप्लिफायर, दोन केबली आणि रिकामं पाकीट घेऊन आला! अक्षर न् अक्षर खरं सांगतोय, शपथेवर, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. म्हणजे... मी तिथे नव्हतो म्हणा. पण ज्याच्यावर गुदरलं त्याने स्वतः सांगितलंय, आणि तो जन्मात कधी खोटं बोललेला नाही... दोन-तीन वेळा सोडल्या तर. चष्म्याचे नंबर काढतो तो. ओ काका, तिसऱ्या रांगेतले, असे डोळे बारीक करून बघू नका, नंबर वाढलाय तुमचा! हां, तर काय सांगत होतो... साडू.

आता साडूला या वयात हेडफोन कशाला? तर त्याच्याकडे एक कॅसेट आहे. एकच! एकतीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या संमेलनात बारा मुलींनी समूहगान म्हटलं, त्यात डावीकडून तिसरी उभी होती आमची मेव्हणी. साडूने ते गाणं ऐकलं आणि बसल्या खुर्चीत ठरवलं, लग्न करीन तर या आवाजाशी! हे तो सगळ्यांना सांगतो. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर भिंगं चढवलेली असतात, पळायची सोय नसते, त्याला सांगतो! 'आमच्या हिचा आवाज म्हणजे...' आणि इथे तो भिंग बदलायचंच विसरतो.

आणि मेव्हणी? एकतीस वर्षांत घरात एक ओळ गुणगुणलेली नाही! म्हण म्हटलं की, 'अहो, घसा बसलाय.' एवढी वर्षं माणूस नुसता बसून राहिला असता तर त्यालाही पेन्शन लागली असती हो! आणि कॅसेटमध्ये बारा आवाज असे कालवलेले, की तिचा कुठला ते काही कळत नाही. साडूचं म्हणणं एवढंच, की एकदा, फक्त एकदा, तिचा आवाज वेगळा ऐकायचाय. कान आहेत तोवर. कारण डाव्या कानाला हल्ली जरा कमी येतं, हे त्याने घरात कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

तर गेला दुकानात. दुकानदार असा डॉक्टरसारखा मऊ बोलणारा, की वाटावं आता जीभ बाहेर काढायला सांगतोय. साडूला खुर्चीत बसवलं, कानांवर एक हेडफोन चढवला. 'हा बरा...' काढला, दुसरा चढवला, '...की हा?' साडू म्हणाला, सारखेच आहेत की. 'नीट ऐका. पहिला? की दुसरा?' अहो, तुम्हाला सांगतो, साडूला घाम फुटला! गेली तीस वर्षं हाच प्रश्न विचारून त्याने अख्ख्या पेठेला रडवलंय! पहिलं बरं दिसतं की दुसरं? गिऱ्हाईक बिचारं घाबरून 'दुसरं' म्हणतं. साडूही घाबरून म्हणाला, 'दुसरा!'

'वा! कान आहे तुम्हाला. फरक पडतो हो, फरक पडतो!'

झालं! माणसाला एकदा 'कान आहे' म्हटलं की पाकीट आपोआप उघडतं.

'पण हा साध्या यंत्रावर दबकत वाजेल. याला दमदार अँप्लिफायर लागतो.' म्हणजे बघा, घोडा घेतल्यावर सांगायचं की तबेला वेगळा! 'आणि जोडणी मात्र बॅलन्स्ड घ्या.' साडू म्हणाला, म्हणजे काय? 'असं बघा, साध्या जोडणीत दोन्ही कानांच्या तारांना परतीची वाट एकच. दोन बिऱ्हाडं, एक जिना. याची बादली त्याच्या पायावर. बॅलन्स्डमध्ये डाव्याला वेगळा जिना, उजव्याला वेगळा. कोणाचं कोणात मिसळत नाही.'

साडू ताडकन उभा! 'मिसळत नाही? मग बारांतला एक आवाज वेगळा ऐकू येईल?'

'सुईसारखा! फरक पडतो हो, फरक पडतो!'

सगळं बांधून झाल्यावर दुकानदाराने प्रेमाने विचारलं, 'आपण ऐकता काय?'

'एक कॅसेट.'

'एक... कॅसेट?'

'संमेलनातलं समूहगान.'

साडूसाठी पाण्याचा ग्लास आणला होता, तो दुकानदाराने स्वतःच पिऊन टाकला.

घरी खोकी बघून मेव्हणी शांतपणे म्हणाली, 'अहो, परत करा ते.'

'का?'

'जुनं बरं होतं. सगळ्यांचं मिळून छान ऐकू यायचं.'

पण साडू ऐकतोय होय? फरक पडतो म्हणालाय ना तो! दुपारी चारला खिडकी लावली, चार पिनांचा तो गलेलठ्ठ प्लग खटकन बसवला, कॅसेट सुरू केली. आणि तुम्हाला सांगतो... आधी गाणं नाहीच. आधी शांतता. आणि त्या शांततेत अख्खं सभागृह! कोणाची चप्पल करकरतेय, कोणी शिंक गिळतंय, वादकाला उद्या सर्दी होणार हे त्याच्या श्वासावरून आजच कळतंय, आता बोला! आणि मग डावीकडून, हो, ज्याला कमी येतं त्याच कानात, गाणं बसवणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, 'आणि तू गं, उंच मुली... तू नुसते ओठ हलव हं बाळ.'

आणि एक कोवळा, स्वच्छ, घाबरलेला आवाज म्हणाला, 'हो बाई.'

मग गाणं लागलं. साडू बोटांवर आवाज मोजत गेला. अकरा. पुन्हा मोजले. अकरा!

वळून बघतो तर दारात मेव्हणी. ते हेडफोन पाठीमागून उघडे असतात, आतलं बाहेर ऐकू जातं, हे दुकानदाराने सांगितलं होतं, पण साडूचं लक्ष जिन्यात अडकलेलं!

'लग्नाआधीच सांगणार होते,' मेव्हणी म्हणाली. 'पण तुम्ही इतकं तोंडभरून कौतुक करत होता, मधे बोलणं बरं दिसेना.'

'आणि नंतर?'

'नंतर तुम्ही गिऱ्हाइकांना सांगत सुटलात. मी कोणाकोणाला परत बोलावू?' मग हात पुढे केला. 'द्या इकडे.'

तिने हेडफोन लावला, पदर सावरून खुर्चीत बसली, गाणं संपून टाळ्या पडेपर्यंत ऐकलं. आणि फिस्सकन हसली. 'अहो, टाळ्यांत तुम्ही आहात की! शेजारच्याला सांगताय...' आणि मेव्हणीने हुबेहूब नक्कल केली हो, '"गाण्यातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही रे, पण ती डावीकडून तिसरी बघ... काय उंची आहे!"'

एकतीस वर्षांचं आवाजपुराण टाळ्यांत वाहून गेलं! मेव्हणी उठून चहा ठेवायला गेली. जाताना त्याच्या डाव्या बाजूने काहीतरी बोलली, उत्तर आलं नाही. तशी परत फिरली, उजवीकडून म्हणाली, 'सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचंय.' तिला ठाऊक होतं!

हेडफोन काही परत गेला नाही. रोज दुपारी साडू कॅसेट लावतो, 'हो बाई' ऐकतो, आणि गाणं लागायच्या आत बंद करून मागे घेतो. तो म्हणतो, तिच्या तोंडून 'हो' ऐकायचं तर यंत्र बॅलन्स्डच लागतं.

आता शपथ घेतलीय तर यातलं खोटं काय तेही सांगून टाकतो. वादकाची सर्दी? छे, ती खरी आहे. खोटा फक्त साडू. माझी बायको आईबापांची एकुलती एक हो, मला साडू कुठून असणार?

तेव्हा काका, या उद्या माझ्या दुकानात. पहिलं बरं की दुसरं, एवढंच विचारीन. गाण्याचा विषय काढणार नाही... तशी घरून ताकीदच आहे.