डॉक्टर एचेनिके यांचा तिसरा निरोप

समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या अधिष्ठाता डॉ. मिर्ता साराविआ, सत्कारमूर्ती डॉ. ऑलिवेरिओ एचेनिके, स्वीडनहून आलेले सन्माननीय पाहुणे प्राध्यापक ल्युंगबर्ग, आणि केकवर डोळा ठेवून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी सुल्मा. मोन्तेविदेओच्या या संस्थेत एकतीस वर्षं पेशी वाढवते. डॉक्टरांच्या निरोपाला बोलायचा मान मिळाला, हे माझं भाग्य. हे भाग्य याआधी दोनदा लाभलंय. पासष्टीला आम्ही त्यांना निरोप दिला, अडुसष्टीला दिला. दोन्ही वेळा सोमवारी डॉक्टर खुर्चीत हजर! केक मात्र कुणी परत मागितला नाही.

घरची मंडळी आलीत, त्यांच्यासाठी आमचं काम थोडक्यात सांगते. पेशीत एक जनुक असतं. वाढायचा सांगावा आला की ते जागं होतं आणि एक प्रथिन बनवतं. प्रथिन पेशीला म्हणतं, 'वाढ, एकीच्या दोन हो.' आणि मग? मग तासाभराच्या आत पेशी त्याच प्रथिनावर खूण करते आणि त्याचे तुकडे करून टाकते. काम झालं, निघा! एवढी शिस्त आपल्या संस्थेत तरी आहे का? अध्यक्षांनी मनावर घेऊ नये.

कॅन्सरमध्ये ही शिस्त मोडते. डॉक्टर वीस वर्षं सांगत आले की जनुकच चेकाळतं, म्हणून प्रथिन उतू जातं. पुष्कळ ठिकाणी ते खरंही आहे. पण तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलीय ना, त्या आमच्या नोएमीनं मोजून पाहिलं. आमच्या पेशींत जनुक बिचारं नेहमीइतकंच चालतंय. प्रथिनावर जिथं खूण करायची, ती जागाच बिघडलीय. प्रथिन मोडायला आलेले पेशीतले कामगार खूण शोधतात आणि हात हलवत परत जातात. प्रथिन आपलं बसलेलंच, आणि पेशी वाढतेय.

डॉक्टर म्हणाले, "पोरी, तुझी मोजणी चुकली."

"पुन्हा मोजते, डॉक्टर."

असं नऊ वेळा झालं. नवव्या वेळी डॉक्टर म्हणाले, "मग सुल्माच्या पेशीच खराब असणार!" एकतीस वर्षांत माझ्या पेशींना कुणी नावं ठेवली नव्हती. मला राग आला. अजून आहे.

तिचा लेख चौदा महिने डॉक्टरांच्या खणात पडून आहे. त्यांच्या सहीशिवाय तो छापायला जात नाही, आणि तो गेला नाही तर शुक्रवारी नोएमीची नेमणूक संपते. मग गावाकडे, ताकुआरेम्बोला जाऊन भावाच्या दुकानात खोगिरं विकायची!

पण एक सांगते. वादळात चार दिवस वीज गेली, तेव्हा याच डॉक्टरांनी बंदरावरच्या कोळ्याकडून बर्फ आणून माझ्या पेशी जगवल्या. महिनाभर त्यांच्या गाडीला मासळीचा वास येत होता. या माणसावर माझा फार जीव आहे हो. म्हणून तर राग येतो.

आता माते पिऊ, आपला तो पानांचा कडू चहा. आपल्याकडे एकच तुंबा सगळ्यांत फिरतो. मुकाट्यानं परत दिला की भरून पुन्हा येतो. 'आभार' म्हटलं की त्याचा अर्थ 'मला पुरे', मग तुंबा तुम्हाला वगळून पुढे. प्राध्यापक ल्युंगबर्ग बिचारे रोज पहिल्याच तुंब्याला सभ्यपणे आभार मानायचे आणि दिवसभर कोरडे बसायचे. माफ करा, प्राध्यापक, फार उशिरा सांगितलं. आमच्या डॉक्टरांनी मात्र तो शब्द आजवर एकदाही उच्चारलेला नाही.

हा घ्या तुंबा, डॉक्टर. आणि हा नोएमीचा लेख. खण मीच उघडला. प्या सावकाश.

मुकाट्यानं परत देताय? बरं, भरते. घ्या.

पुन्हा? भरते की. थर्मास मोठा आहे, सभागृहाला घाई नाही.

काय म्हणालात? मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही.

"आभार, सुल्मा. पेशी चांगल्या होत्या तुझ्या."

ऐकलंत सगळ्यांनी? हे पेन घ्या. खाली, उजवीकडे. नोएमी, ये गं, कागद घेऊन जा. रडायचं नंतर, आधी शाई वाळू दे.

बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पोटात घाला. डॉक्टरांच्या खणात आज मला आणखी एक कागद सापडला: मीच सहीसाठी दिलेला माझ्या मुदतवाढीचा अर्ज, तिसरा. तो मी फाडून टाकलाय; माझंही काम झालं, निघते.

आभार.